आंबा घाटात बॅटरी संपेल का?

प्रश्न : यंदा आम्ही इलेक्ट्रिक कार घेतली. बॅटरी ४५ युनिटची. आजवर जोतिबा, सांगली एवढंच फिरलोय. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन आंबा घाटातून रत्नागिरी, गणपतीपुळे, तिथून गोवा आणि येताना आंबोलीमार्गे परत, असा बेत आहे. दाजी म्हणतात, चार माणसं आणि सामान भरून घाट चढायला लागलीस की बॅटरी बसणार, त्यापेक्षा आमची डिझेल गाडी ने. काय करू?
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, बिनधास्त तुमचीच गाडी न्या. दाजींची काळजी खरी आहे, पण ती घाटाची नको, सपाट रस्त्याची हवी. आमच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर या घाटावरून रोज वाद होतो आणि हिशोब मात्र कुणी मांडत नाही. तो आज मांडू.

माणसं आणि सामान धरून गाडी १८०० किलोच्या घरात जाईल. कोकणातून आंब्यापर्यंत वर यायचं म्हणजे साधारण ६०० मीटर चढ. एवढं वजन एवढं वर न्यायला लागतात ३ युनिट. मोटारीतली घट धरली तर साडेतीन. रोजच्या चालीला जे लागतं त्यावर हा जादा खर्च, बस्स. आणि तुम्ही तर जाताना हा घाट उतरणार आहात. उतारावर मोटारच जनरेटर होते, ब्रेकला पाय न लावता गाडी धरून ठेवते आणि वीज बॅटरीत परत टाकते. साखरप्याला पोचेपर्यंत टक्केवारी एक-दोनने वाढलेली दिसली की आई-बाबांनाही दाखवा.

एक जपा. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत येणाऱ्या विजेला जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर येतो. तुम्ही कोल्हापुरातून निघणार, मलकापूर ओलांडेपर्यंत पुरेशी जागा होते. पण आंब्यालाच मुक्काम करून रात्रभर चार्जिंग केलंत, तर सकाळी ८५-९० टक्क्यांवर थांबवा.

आता हायवे. ताशी ८० ने चाललात तर एका युनिटला ७ किलोमीटर धरा. ११० ने पळवलीत तर ५ सुद्धा मिळणार नाहीत, कारण ८० वरून ११० वर गेलं की हवेचा अडसर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे १०० किलोमीटरमागे ६ युनिट जादा गेले. दोन आंबा घाट चढण्याएवढे! त्यातून वाचतात २० मिनिटं आणि त्यातली बरीचशी चार्जरवर जातात. कणकवली-कुडाळचा चौपदरी रस्ता मोकळा मिळाला की पाय आपोआप दाबला जातो. तिथे मन आवरा. स्क्रीनवर उरलेले किलोमीटर बघत बसू नका, एका युनिटला किती किलोमीटर पडतात ते बघा. तो आकडा ६ च्या खाली आला की वेग कमी करा.

घरून पूर्ण भरून निघालात तर गणपतीपुळ्याला निम्मी बॅटरी शिल्लक राहील. खरी तयारी लागते ती तिथे. लॉज ठरवताना ‘चार्जिंग आहे का’ एवढंच विचारू नका, सगळे ‘आहे’ म्हणतात. गाडी लागते तिथून १५ अँपिअरचा पॉइंट किती लांब आहे आणि त्याला अर्थिंग आहे का, हे विचारा. जुन्या घरांत अर्थिंग नसलं की चार्जरवर लाल दिवा लागतो आणि तो काही केल्या सुरू होत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. चार्जिंग लावल्यावर अर्ध्या तासाने प्लग हाताने चाचपा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बंद करा, सॉकेट वितळायला वेळ लागत नाही. पॉइंट चांगला मिळाला तर दहा तासांत २५-३० युनिट भरतात, म्हणजे तुमची गरज भागते.

गोव्याच्या वाटेवर एकदा फास्ट चार्जर लागेल. थांबायचं ठिकाण ३० टक्के असतानाच गाठा. चार्जर बंद निघाला, वीज गेलेली असली, पुढे रांग असली, तरी पुढच्या ठिकाणी जाता आलं पाहिजे. निघण्याआधी चार्जिंग कंपनीच्या ॲपमध्ये त्या चार्जरवर शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते पाहा. आज सकाळी झाली असेल तर निर्धास्त, आठवडा लोटला असेल तर दुसरा शोधा. दोन-तीन ॲप घरीच टाकून त्यात पैसे भरून ठेवा, कारण रेंज नसली की ओटीपी येत नाही. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग फार मंदावतं, तेव्हा तिथेच गन (चार्जरच्या वायरचं टोक) काढा आणि पुढच्या गाडीला जागा द्या. बाबांना तसंही दर दोन तासांनी पाय मोकळे करायला लागत असतील. जेवण आणि चार्जिंग एकाच थांब्यावर उरका.

परतीला सावंतवाडीच्या आसपास ८० टक्के भरून घ्या आणि मगच आंबोली चढा. वर चढून आलात की आजरा, उत्तूर करत घरापर्यंतचा पल्ला तेवढ्यात आरामात होतो. आंबोलीत धुकं असेल तर दिवे आणि वायपर खुशाल लावा, त्यांना वीज नगण्य लागते.