नाइट ड्युटीला नव्याने लागणाऱ्या नर्सेससाठी

पहिल्यांदा स्वतःचा स्वभाव ओळख. सुट्टीत, गजर न लावता, तुला झोप कधी लागते आणि जाग कधी येते? पहाटे आपोआप उठणाऱ्यांना नाइट जड जाते, रात्री जागणाऱ्यांना सकाळची ड्युटी. हा आळस नाही, शरीराची घडणच तशी असते. बदलीची सोय असेल तर इन्चार्ज सिस्टरांशी मोकळेपणाने बोल.

पहाटे 3 ते 5 सर्वात वाईट. शरीराचं तापमान उतरलेलं असतं, डोळे उघडे असूनही मेंदू पेंगतो. सिरिंज पंपावर (औषध ठरावीक वेगाने देणाऱ्या यंत्रावर) वेग 0.5 आहे की 5, हे त्या वेळी मोठ्याने वाच आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घे. कितीही अनुभव आला तरी हे सोडू नकोस. चहा-कॉफी मध्यरात्रीपर्यंतच, साधारण 5 तासांनीही निम्मं कॅफिन शरीरात उरलेलं असतं. ब्रेकमध्ये 20 मिनिटांची डुलकी जरूर घे, पण उठल्या उठल्या इंजेक्शन भरायला जाऊ नकोस.

घरी जाताना गॉगल लाव, खोलीत काळोख कर, फोन बंद. आणि झोप अनावर असेल तर गाडी चालवू नकोस, कोणाला तरी न्यायला बोलाव.