न उच्चारलेल्या वाक्यातला अपमान

परक्या संस्कृतीतल्या माणसांशी बोलताना माझे नेमके काय चुकते, हा प्रश्न घेऊन समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या सातत्याने वाढते आहे. कुणाची परदेशात बदली झालेली असते, कुणाच्या घरात वेगळ्या देशातली सून किंवा जावई आलेला असतो, कुणी रुग्णालयात अनेक देशांच्या रुग्णांची शुश्रूषा करत असते, तर कुणाचा निम्मा दिवस पडद्यावरच्या बैठकांत जातो. यांपैकी बहुतेकांची भाषेची तयारी उत्तम असते. हस्तांदोलन कसे करावे, नजर कुठे ठेवावी, भेटवस्तू केव्हा द्यावी, याच्या याद्याही त्यांनी वाचलेल्या असतात. तरीही काहीतरी बिनसत राहते आणि मग ते माझ्याकडे अधिक लांब यादी मागतात. ती मी देत नाही. यादीमुळे समोरच्या देशाविषयीची माहिती वाढते. आपण स्वतः कसे ऐकतो, हे मात्र तिच्यातून कधीच कळत नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक गाठी तिथेच बसलेल्या असतात.

हे स्पष्ट करण्यासाठी एका बाईंची हकिगत सांगते. त्यांची ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत. अनेक देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर त्या उत्पादनांचे आराखडे तयार करण्याचे काम करत आणि त्यांचे वरिष्ठ दुसऱ्या देशातले होते. राजीनाम्याचा मसुदा तयार ठेवूनच त्या माझ्याकडे आल्या होत्या.

"ते अत्यंत उद्धट आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर त्यांनी माझा अपमान केला."

"त्यांनी काय म्हटले?"

"त्यांचा एकूण सूरच तसा होता."

"सुराकडे आपण नंतर येऊ. आधी शब्द सांगा."

त्यांनी आठवून सांगितले, "तिसरा भाग चालणार नाही. शुक्रवारपर्यंत नवा द्या."

"यातला कोणता शब्द अपमानाचा आहे?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अशा वेळी समुपदेशकाने घाईने काही सुचवू नये, अशी माझी ठाम धारणा आहे. जे माणसाला स्वतःला सापडते तेच त्याच्याजवळ टिकते. अखेर त्या हळूहळू म्हणाल्या, "शब्द कोणताच नाही. पण त्याआधी त्यांनी काहीच म्हटले नाही. इतके राबून केलेल्या कामाबद्दल आधी एखादे बरे वाक्य आणि मग सूचना, असे असते ना?"

"असे कुठे असते?"

"मी जिथे वाढले, शिकले, आधी नोकरी केली, तिथे सगळीकडे."

त्या एका उत्तरात त्यांच्या अनेक महिन्यांच्या त्रासाचे मूळ होते. ज्याने त्या दुखावल्या ते वाक्य कुणी उच्चारलेलेच नव्हते. अपमान त्यांना ऐकू आला होता तो एका रिकाम्या जागेत, आणि तिथे काय असायला हवे होते हे त्यांच्या संगोपनाने ठरवलेले होते. वरिष्ठांच्या लेखी मात्र तिथे कोणतीही जागा रिकामी नव्हती. उरलेल्या भागांवर ते बोलले नाहीत, याचा त्यांच्या हिशेबी अर्थ ते भाग उत्तम आहेत असाच होता. दोन संस्कृतींतल्या संवादाविषयी मला जे काही उमगले आहे त्याचा गाभा हाच आहे. आपण समोरच्याचे बोलणे जितके ऐकतो तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याने न बोललेले ऐकतो, आणि ते न बोललेले सर्वस्वी आपले असते.

पुढच्या एका भेटीत हीच गोष्ट उलट बाजूने समोर आली, आणि ती त्यांनी स्वतः शोधली याचे मला आजही समाधान वाटते. त्यांची दुसरी तक्रार अशी होती, की स्पष्ट नकार देऊनही वरिष्ठांनी एक जादा काम त्यांच्यावर लादले.

"नकार कसा दिलात?"

"मी म्हटले, सध्या हातात जरा जास्त काम आहे, तरी बघते." एवढे बोलून त्या थांबल्या. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. "मी नाही म्हणालेच नाही. त्यांनी ते ओळखावे, अशी माझी अपेक्षा होती."

"आणि त्यांनी काय ऐकले असेल?"

"बघते, म्हणजे करते."

त्यांची स्तुती वरिष्ठांनी बोलून दाखवली नव्हती आणि त्यांचा नकार त्यांनी स्वतः बोलून दाखवला नव्हता. ज्या सवयीमुळे त्यांना अपमान ऐकू आला, त्याच सवयीमुळे त्यांचा नकार वरिष्ठांच्या कानांपर्यंत पोहोचला नाही. हे लक्षात आल्यावर त्यांच्या बोलण्यातला "उद्धट" हा शब्द हळूहळू नाहीसा झाला; मला तो काढायला सांगावा लागला नाही.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये या फरकाची मांडणी केली होती. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग प्रसंग, नाते, पद आणि मौन यांत सामावलेला असतो आणि ऐकणाऱ्याने तो उचलून घ्यायचा असतो. इतर काही समाजांत अर्थ शब्दांतच ठेवण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते. ही मांडणी उपयुक्त आहे, परंतु तिच्या आधारे संपूर्ण देशांवर शिक्के मारणे मला मान्य नाही. एकाच देशात, एकाच घरातसुद्धा, दोन्ही प्रकारची माणसे भेटतात. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना "त्या देशातले लोक कसे असतात" हा प्रश्न बाजूला ठेवायला सांगते आणि "या व्यक्तीने न बोललेल्यातून मी काय ऐकले" हा प्रश्न विचारायला लावते.

सुराचा मुद्दा मी नंतरसाठी राखून ठेवला होता. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञांनी नोंदवलेला एक प्रसंग त्या ओघात मी या बाईंना सांगितला. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहात नव्याने रुजू झालेल्या भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया तुसड्या आणि असहकारी आहेत, अशी तक्रार होती. मांसाच्या ताटावर ग्रेव्ही हवी का, हे विचारताना स्थानिक कर्मचारी "ग्रेव्ही" हा शब्द चढत्या सुरात म्हणत, तर या स्त्रिया तोच शब्द उतरत्या सुरात म्हणत. त्यांच्या दृष्टीने ती विचारणाच होती. ऐकणाऱ्याला मात्र ते "ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या" असे वाटे. ध्वनिमुद्रण ऐकवून चर्चा केल्यावर दोन्ही बाजूंना फरक उमगला. एवढ्याशा उतारावर माणसांच्या स्वभावाचे निकाल लागत होते! हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की तिथे एकट्या कर्मचारी स्त्रियांना सुधारण्याचा खटाटोप झाला नाही. त्यांच्याविषयी निकाल देणाऱ्यांनाही ऐकायला बसवले गेले.

आता, प्रत्यक्ष करायचे काय? माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांची आहे, हे मी लपवत नाही. समोरच्याच्या बोलण्यावर तत्काळ चांगले-वाईट ठरवण्याची आपली स्वाभाविक ओढ हाच संवादातला मुख्य अडथळा आहे, असे त्यांनी १९५१ मधील एका भाषणात सांगितले आणि त्यावर एक साधा उपाय सुचवला: आपले मत मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल इतक्या अचूकपणे आपल्या शब्दांत मांडून दाखवावे. दोन संस्कृतींमध्ये हा उपाय विशेष फलदायी ठरतो, कारण तो न बोललेले उघड्यावर आणतो. त्या बाईंनी वरिष्ठांना विचारले, "तिसरा भाग बदलायचा आणि बाकीचे भाग स्वीकारले आहेत, असे मी समजू का?" उत्तर आले, "अर्थात, बाकीचे फारच चांगले झाले आहेत." ते हवे असलेले वाक्य इतके दिवस एका प्रश्नाच्या अंतरावर होते.

नकाराच्या बाबतीत मी त्यांना कठोर व्हायला सांगितले नाही. सौजन्य ठेवावे, परंतु निर्णय शब्दांत असावा: "या आठवड्यात हे मला जमणार नाही, सोमवारनंतर जमेल." पहिल्यांदा असे बोलताना त्यांना छातीत धडधडले, कारण त्यांच्या कानांना ते उर्मटपणाचे वाटत होते. ही अस्वस्थता खरी असते आणि ती काही काळ राहतेच. आपण चुकल्याचा तो पुरावा मानू नये, एवढेच मी सांगते.

बोलण्यातल्या विरामाचेही भान ठेवावे लागते. दहा भाषांतील संभाषणांच्या २००९ च्या एका अभ्यासात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंतचा सरासरी अवधी सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाइतका आढळला. जपानीत तो जवळजवळ शून्य होता, तर डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास. फरक एवढा सूक्ष्म असूनही, ज्याची सवय थोडे थांबण्याची आहे त्याला बैठकीत संधीच मिळत नाही आणि ज्याची सवय लगेच बोलण्याची आहे त्याला समोरचा निरुत्साही वाटतो. आपल्याला पुरेसे वाटते त्याहून किंचित अधिक थांबून पाहावे.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावते. सगळेच गैरसमज नसतात. एखादी व्यक्ती इतरांशी नीट आणि आपल्याशीच तुच्छतेने वागत असेल, अर्थ विचारल्यावर टाळत असेल किंवा त्रास होतो हे स्पष्ट सांगितल्यावरही तेच करत असेल, तर तिथे संस्कृतीची सबब पुढे करू नये. तो अन्याय आहे आणि त्याची नोंद ठेवून योग्य ठिकाणी तक्रार करावी. या बाईंच्या बाबतीत आम्ही हे काळजीपूर्वक तपासले होते. त्यांचे वरिष्ठ सर्वांशी सारख्याच तुटक शब्दांत बोलत होते.

शेवटच्या भेटींपैकी एकीत त्या काहीशा गोंधळून आल्या. त्यांच्या गटात तिसऱ्याच देशातला एक तरुण सहकारी आला होता आणि आराखड्यावर त्यांनी दिलेल्या सूचनांनंतर तो गप्प गप्प राहू लागला होता. "मी तर नेहमीसारखे आधी चांगले बोलले, मग चुका सांगितल्या," त्या म्हणाल्या.

"कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर," त्या म्हणाल्या, आणि पुढचे त्यांना मी सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला एकटे गाठून विचारले, की कामावरच्या सूचना त्याला कशा मिळालेल्या आवडतात. त्याने आधी लेखी मागितल्या आणि बोलायचे झाल्यास दोघांतच, असे सांगितले. आता त्या त्याप्रमाणे करतात, आणि आपल्या वरिष्ठांनाही त्याच्याबाबत तसे करायला त्यांनी सुचवले आहे.