लॉकडाऊनमध्ये अपघात घटले होते, मग ट्रॉमाचे (गंभीर जखमींचे) आयसीयू बेड सरसकट कोविडला का दिले नाहीत?

अपघात घटले, हे खरं आहे. भारतात रस्ते-अपघातांतले मृत्यू २०१९ मध्ये दीड लाखाच्या वर होते, २०२० मध्ये ते १,३१,७१४ वर आले. पण त्यावरून ट्रॉमाचे बेड रिकामे पडून राहिले असतील असं तुम्ही धरलंय, तिथेच गफलत आहे. "बेड रिकामा दिसतोय, देऊन टाका" हे वाक्य ट्रॉमा आणि आयसीयूत काम करणाऱ्या आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की थोडक्यात उत्तर देववत नाही.

आयसीयूत किती पेशंट आले यापेक्षा आलेला पेशंट किती दिवस राहिला, हे महत्त्वाचं. रोज ३ जखमी येतात आणि सरासरी ४ दिवस राहतात, म्हणजे १२ बेड कायम भरलेले. आता रोज २ च येतात, पण ६ दिवस राहतात: बेड तेच १२. ॲडमिशन एक तृतीयांशाने घटल्या आणि बेड एकही सुटला नाही. लॉकडाऊनमध्ये हेच होतं. जे एका रात्रीत वॉर्डात जायचे ते येईनासे होतात. येतात ते मोकळ्या रस्त्यावर वेगात आदळलेले, उंचावरून पडलेले, घरातल्या मारहाणीचे. अमेरिकेत २०२० मध्ये गाड्या कमी धावल्या, तरी रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षापेक्षा वाढले. खुबा मोडणारी म्हातारी माणसं तर घरातच पडतात. त्यात पुढची वाट तुंबलेली: वॉर्ड कोविडला गेलेला, स्वॅबचा रिपोर्ट यायचाय, ओटी (ऑपरेशन) पुढे ढकललेली. डोक्याला मार लागलेल्याची ट्रेकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात छेद देऊन नळी घालणं) एरवी आठवड्या-दहा दिवसांत होते. पहिल्या लाटेत एरोसोलच्या, म्हणजे विषाणू घेऊन हवेत उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांच्या, भीतीने तीही लांबत होती, आणि तेवढे दिवस पेशंट व्हेंटिलेटरवरच.

दक्षिण आफ्रिकेत हे सगळ्यांत स्पष्ट दिसलं. तिथे मार्च २०२० अखेर लॉकडाऊनबरोबर दारूविक्री थांबली, १ जूनला सुरू झाली आणि १२ जुलैला सरकारने पुन्हा बंद केली. कारण उघड सांगितलं होतं: दारूपायी येणारे जखमी कोविडला लागणारे बेड अडवतात. ट्रॉमाचा ओघ निर्बंध उठले की काही दिवसांत परततो. व्हेंटिलेटरवरचा कोविडचा पेशंट मात्र आयसीयूत आठवडे काढतो. म्हणजे दिलेला बेड परत हवा असतो नेमका त्याच वेळी तो भरलेला असतो.

आता त्या काळातला एक नेहमीचा पेशंट घ्या. रात्री अडीचला कॅज्युअल्टीत आलेला मोटरसायकलवाला. उजवी मांडी मोडलेली, त्याच बाजूच्या तीन-चार फासळ्या तुटलेल्या, ऑक्सिजन ८८ टक्के. स्वॅब करायला वेळ नाही, म्हणून तो पॉझिटिव्ह समजूनच हात लावायचा. रॅपिड अँटिजेनला १५ ते ३० मिनिटं लागतात आणि निगेटिव्ह आली तरी भरवसा नाही, आरटी-पीसीआरला तास जातात. पीपीई नीट चढवायला पाच-दहा मिनिटं. म्हणून दोघं जण शिफ्टभर आधीच घालून तयार हवेत. पेशंट दारात आल्यावर घालायला घेतलं तर हातातली वेळ तिथेच गेली. पीपीईच्या हूडमध्ये, म्हणजे डोकं-कान झाकणाऱ्या टोपीत, स्टेथोस्कोप चालत नाही. फुप्फुसाभोवती हवा साठलीय का, हे सोनोग्राफीच्या प्रोबने बघायचं: फुप्फुसाचं सरकणं दिसलं नाही की छातीत नळी. ती नळी ज्या बाटलीला जोडतात तिच्या सक्शनच्या तोंडाला व्हायरल फिल्टर लावायचा, नाहीतर फुप्फुसातली हवा थेट खोलीत येते. दुखापतीपासून ३ तासांच्या आत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत. पीपीईच्या गडबडीत हे हमखास राहून जातं, म्हणून ते रिससच्या (जीव वाचवायच्या तातडीच्या सामानाच्या) ट्रेमध्येच भरून ठेवावं.

मग सीटी. दोन्ही फुप्फुसांत धुरकट ठिपके. फुप्फुसाला मार लागला तर असे दिसतात, कोविडमध्ये असे दिसतात, आणि मांडीचं हाड मोडून चरबीचे कण रक्तात गेले तरी असेच दिसतात. मुक्या माराचे ठिपके तुटलेल्या फासळीजवळ आणि पहिल्या काही तासांतच. कोविडचे बहुधा दोन्ही बाजूंना, कडेला, खालच्या भागात. चरबीचे साधारण १ ते ३ दिवसांनी, सोबत गोंधळलेपणा आणि छाती-काखेत बारीक लाल पुरळ. लिहायला सोपं आहे, पण रात्री तीनला एकाच सीटीवर खात्रीने कोणी सांगत नाही. कोविड आयसीयूत टाकला आणि निगेटिव्ह निघाला, तर संसर्ग आपण दिला. ट्रॉमा आयसीयूत टाकला आणि पॉझिटिव्ह निघाला, तर शेजारचे सगळे आणि ड्युटीवरच्या सिस्टर क्वारंटाइन. याला तिसरी जागाच हवी: दार बंद होणारे दोन-तीन बेड, रिपोर्ट येईपर्यंत. ज्यांनी ट्रॉमाचे बेड सरसकट दिले त्यांच्याकडे नेमकी हीच जागा उरली नाही.

खोलीची हवाही मोजावी लागते. तासाला १२ वेळा हवा बदलणारी खोली ९९.९ टक्के साफ व्हायला ३५ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलणारी असेल तर ६९. तेवढा वेळ सीटीची किंवा इंट्युबेशनची (श्वासनलिकेत नळी घालायची) खोली बंद. सीटी एकच असेल तर पुढचा डोक्याला मार लागलेला बाहेर थांबतो.

मांडीचं काय? फुप्फुसं खराब असताना हाडात रीमिंग करून (आतली पोकळी कोरून) रॉड घालणं म्हणजे आणखी चरबी रक्तात ढकलणं. आधी बाहेरून फिक्सेटर (हाड धरून ठेवणारी चौकट), रॉड नंतर. कोविड असताना मोठी शस्त्रक्रिया किती धोक्याची, हे कोविडसर्जच्या अभ्यासात दिसलं, मात्र फिक्सेटर की रॉड हे त्यात तपासलेलं नाही. २०२० च्या मे महिन्यात लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेले १,१२८ पेशंट होते, २४ देशांतले, आणि ३० दिवसांत २३.८ टक्के दगावले. शिवाय कोविडला रक्त पातळ करणारं हेपॅरिन, तर ट्रॉमात रक्तस्राव थांबल्याची खात्री होईपर्यंत तेच वर्ज्य. हा तोल दोन्हीकडे काम केलेला माणूसच सांभाळतो.

आता मी माणसांच्या मुद्द्यावर येतो, कारण खरी कमतरता तिथेच असते. व्हेंटिलेटर विकत मिळतो. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला चोवीस तास एक सिस्टर हवी: ८ तासांच्या शिफ्ट धरल्या तर आठवड्याला २१, एकीच्या ६, म्हणजे साडेतीन जणी. रजा-आजारपण धरून पाच. पीपीईत शिफ्ट ६ तासांवर आली की शिफ्ट २८ होतात, वर कोणी ना कोणी क्वारंटाइनमध्ये. पाचाऐवजी किमान सात जणी लागतात. एका पेशंटला प्रोन करायचं, म्हणजे पालथं घालायचं, तर पाच माणसं लागतात आणि किमान १६ तास तसं ठेवायचं. हे हात ट्रॉमातूनच काढले जातात. मग फलकावर "ट्रॉमा आयसीयू ४ बेड उपलब्ध" असतं आणि त्या चौघांना बघायला एक सिस्टर असते. मी असा बेड मोजत नाही, कोणीही मोजू नये.

ओटीतली ॲनेस्थेशिया मशीन व्हेंटिलेटर म्हणून वापरा, हीही सूचना हमखास येते. वापरता येतात, पण सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारी पूड) सारखं बदलावं लागतं, फ्लो कमी ठेवला तर सर्किटमध्ये पाणी साठतं आणि शेजारी भूलतज्ज्ञ सतत उभा लागतो. तेवढी ओटी बंद. वर प्रोपोफॉल, ॲट्राक्युरिअम, फेंटॅनिल ही झोपेची, स्नायू सैल करणारी आणि वेदनाशामक औषधं दोन्हीकडे तीच, त्यामुळे आयसीयूने संपवली की इमर्जन्सी ऑपरेशनला उरत नाहीत. निदान १० ऑपरेशनची औषधं वेगळ्या कुलपात ठेवायचा नियम आधीच करावा.

ऑक्सिजनही तसाच. हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, एक पेशंट मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतो. ७,००० लिटरचा जंबो सिलिंडर त्याला दोन तासही पुरत नाही. असे अनेक एकाच लाइनवर असले की लाइनच्या टोकाचा दाब पडतो, आणि टोकाला बऱ्याचदा ओटी असते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: काही बेड द्यायलाच हवे होते आणि दिलेही. पण एक सीटी, एक इमर्जन्सी ओटी, रिपोर्टची वाट बघणारे दोन-तीन बेड आणि ट्रॉमाची एक पूर्ण टीम यांना हात लावायचा नाही. बाकीचे बेड देताना परत घ्यायची अट लिहून घ्यायची: निर्बंध शिथिल व्हायच्या आधीच नवीन कोविड पेशंट त्या बेडवर टाकणं थांबवायचं, तेव्हा कुठे दोन-तीन आठवड्यांत ते मोकळे होतात. आधी माणसं परत, मग बेड. उलट केलं की फलकच परत येतो फक्त.

हे मोठ्या ट्रॉमा सेंटरला धरून लिहिलंय. दोनच व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात वेगळा विभाग वगैरे शक्य नाही. तिथे जखमीला स्थिर करून हलवणं हाच मार्ग, आणि त्यासाठी कोणतं केंद्र कोविड घेणार नाही हे आधीच ठरलेलं हवं. आणि शहरातला ऑक्सिजनच संपायला आला असेल तर वरचं काहीच टिकत नाही. तेव्हा जो समोर आहे त्याला ऑक्सिजन, मग तो ट्रॉमाचा असो की कोविडचा.