गाडी पाणी खाते, पण जातं कुठं?

प्रश्न : काका, नमस्कार. माझी नऊ वर्षांची डिझेल पिकअप आहे. वाईहून पाचगणीला खतं आणि माल चढवतो. महिनाभर झालं, पसरणी घाटात टेम्परेचरचा काटा वर जातो. रोज लिटरभर पाणी टाकावं लागतं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. सकाळी पांढरा धूर येतो. आमचे मिस्त्री म्हणतात, हेड क्रॅक आहे, नवीनच टाकायला लागेल. तेवढे पैसे आत्ता नाहीत. खरंच हेड गेलं असेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : हेड म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण. ते न उतरवता क्रॅक आहे असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ गॅस्केट जळालं, तरी हीच लक्षणं दिसतात. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय का, हे मात्र आधी कळतं, आणि त्यासाठी एक रुपया लागत नाही.

उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार असताना, आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी ओढा. ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं झालं असेल तर चावी फिरवू नका, बेअरिंगं जातील. गाडी ओढूनच न्या. ऑइल स्वच्छ असेल आणि फक्त ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट साय धरली असेल, तर त्यावरून काही ठरवू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती दमटपणानंही धरते.

मग रेडिएटरचं झाकण काढा. गारच असताना! तापलेल्या इंजिनात दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच ते उसळतं. मी भाजलेले चेहरे पाहिले आहेत. पाणी काठोकाठ भरा, इंजिन चालू करा आणि जरा लांबून बघत राहा. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे म्हणजे अडकलेली हवा. सोडावॉटरसारखे बारीक बुडबुडे येतच राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, तर तो गॅस आहे. खात्रीसाठी इंजिन बंद करून झाकण लावा, पुन्हा चालू करा आणि पंख्यापासून हात जपून रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबून बघा. पाणी अजून कोमटही नाही आणि मिनिट-दोन मिनिटांत होज दगडासारखा झाला, तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरचा आहे.

बुडबुडे नाहीत, पण धूर आहे आणि पाणीही जातंय? मग हेडला हात लावू देऊ नका, आधी ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा थोडा धूर पाण्यानं गार करणारा भाग, तपासून घ्या. तो आतून फुटला की पाणी थेट सायलेन्सरच्या वाटेनं वाफ होऊन जातं. ही चूक माझ्याच हातून झाली आहे. एका शेतकऱ्याच्या जीपचं हेड मी नुसत्या पांढऱ्या धुरावर विश्वासून उतरवलं. गॅस्केट सगळीकडून शाबूत निघालं, पाणी कूलरमधून जात होतं. मजुरी घेतली नाही, पण ऐन सुगीत त्याचे चार दिवस गेले ते गेलेच.

बुडबुडे आलेच, तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजायला सांगा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर बहुधा त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळालेली असते. एक ताकीद : कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून दाबाचं डिझेल देणारं) असेल तर चालू इंजिनात नोझलच्या पाइपचा नट सैल करून एकेक सिलिंडर बंद पाडून बघायची जुनी पद्धत कुणालाही करू देऊ नका. तिथं डिझेलचा दाब शेकडो बार असतो, ती धार कातडीत घुसते.

हेड उतरलं की ते बोअरिंगवाल्याकडं, म्हणजे इंजिनाचे भाग मशिनवर दुरुस्त करणाऱ्याकडं न्यायचं. माझं काम कोल्हापुरात उद्यमनगरात होतं, तुमच्याकडं साताऱ्यात बघा. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालतात. 0.05 मिलिमीटरचं पातं बऱ्याच ठिकाणी सरकलं तर हेड वाकलंय. फेस मारून (तळ घासून सपाट करून) चालेल का, हे त्या इंजिनाच्या मापावर ठरतं. क्रॅकसाठी पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवा भरून हेड गरम पाण्यात बुडवायला सांगा. गरमच हवं, कारण काही चिरा गार असताना मिटलेल्या असतात. दोन वॉल्व सीटांमधली बारीक रेघ दाखवून कुणी ‘गेलं’ म्हणालं, तरी ही टेस्ट झाल्याशिवाय नव्या हेडचे पैसे देऊ नका.

आणि गाडी मुळात कशामुळं तापली, ते शोधलंच पाहिजे : थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व), पंख्याचा क्लच, आतून गाळानं भरलेला रेडिएटर, ढिलं झाकण. हे तसंच ठेवलं तर नवं गॅस्केटही त्याच घाटात उडेल.

जुनं गॅस्केट टाकू देऊ नका. डिझेल इंजिनात बहुतेक वेळा त्याच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, ती जाडीची खूण. पिस्टन आणि ब्लॉकला हात लागलेला नसेल आणि हेडचा फेसही मारलेला नसेल, तर दुकानात तेवढ्याच खाचांचं मागा, आणि हेडचे बोल्ट नवे घ्या.