विचारा बाईंना : गेटच्या आत काय असतं?

*(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाईंनी सांगली जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. २०२२ मध्ये त्या निवृत्त झाल्या.)*

प्रश्न : बाई, मी कवठे महांकाळजवळच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवते. दरवर्षी आमची सहल प्रतापगड नाहीतर वॉटर पार्क. यंदा पोरांनी हट्ट धरलाय, ‘डीआरडीओ बघायचं, जिथं क्षेपणास्त्रं बनतात तिथं जायचं.’ पोरं ४४ आहेत. परवानगी कुणाकडं मागायची? आणि खरंच काही दाखवतात का?
— एक शिक्षिका

उत्तर : दाखवतात, पण पोरांच्या डोक्यात जे आहे ते नाही. तेवढं त्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे परतीच्या गाडीत तोंडं पडायची नाहीत.

डीआरडीओ म्हणजे एक इमारत नव्हे. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही सरकारची संरक्षण संशोधन संस्था, आणि तिच्या प्रयोगशाळा देशभर विखुरलेल्या. क्षेपणास्त्रांचं मुख्य काम हैदराबादला चालतं. आपल्याला जवळ पुणं. पाषाणला तोफा, रायफली, रॉकेट यांचं संशोधन होतं. इन्सास रायफल तिथली, पिनाका हा रॉकेट लाँचरही तिथलाच. पिनाकाची एक गाडी ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सोडते. हे वर्गात सांगून घड्याळ लावून ४४ सेकंद गप्प बसवा पोरांना, केवढा वेळ असतो ते कळेल. सुतारवाडीला स्फोटकं आणि प्रणोदकं, म्हणजे रॉकेटचं इंधन. दिघीला लष्करी पूल आणि अभियांत्रिकी. अहिल्यानगरला वाहनं, अंबरनाथला नौदलाला लागणारे पदार्थ. स्फोटकांचं काम जिथं चालतं तिथं ४४ पोरांचा जथा कुणी फिरवणार नाही, आणि फिरवूही नये.

पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनं, शाळेच्या लेटरहेडवर, थेट त्या प्रयोगशाळेच्या संचालकांच्या नावे. ‘डीआरडीओ, दिल्ली’ असं लिहिलंत तर ते पत्र कुठल्या टेबलावर निजेल ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. इयत्ता, संख्या, सोबत शिक्षक किती, काय बघायचंय आणि का, सोयीच्या दोन-तीन तारखा. निदान तीन महिने आधी. काही प्रयोगशाळा शाळकरी पोरांना घेतच नाहीत, फक्त अभियांत्रिकीवाल्यांना घेतात. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, दोनदा नको. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्याच्या आसपास संशोधन संस्थांची दारं जरा किलकिली होतात. तो मुहूर्त धरा. एसटीची गाडी शैक्षणिक सहलीला सवलतीत मिळते, आणि शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता येणाऱ्यांच्या नावांची यादी. यादीपायी माझ्या एका सहलीवर पाणी पडलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१६ साली मी पहिल्यांदा पोरं नेली. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती, माझी होती. सांगलीहून पहाटे चारला निघालो. पेठ नाक्याला पहिली उलटी, खंबाटकी घाटात दुसरी. गेटवर पोचलो साडेनऊला. जवान एकेक नाव वाचून ओळखपत्र बघत होता. एका पोराशी थांबला. मी यादी केली होती हजेरीपटावरून, तिथं नाव ‘बाळू’. आधार कार्डावर ‘बाळासाहेब’. जन्मतारीखही एका महिन्यानं वेगळी, कारण शाळेत घालताना मास्तरांनी जूनची तारीख ठोकलेली. “मॅडम, ये लडका लिस्ट में नहीं है.” मी गयावया केली, मुख्याध्यापकांना फोन लावून दिला. जवान नम्रपणे नाही म्हणाला. शेवटी दुसरे सर बाकीच्यांना घेऊन आत गेले आणि मी त्या पोराबरोबर समोरच्या चहाच्या टपरीवर अडीच तास बसले. त्यानं दोन वडापाव खाल्ले आणि मला म्हणाला, “बाई, तुम्ही तरी जायचं होतं. मी काय पळून जाणार होतो?”

तेव्हा यादी आधारवरून करा. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं अक्षरशः तसंच. त्यात एसटीचा चालकही घाला, त्याचं लायसन्स तपासून. ऐनवेळी ‘माझी भाची पण येते’ म्हणणारे सहशिक्षक असतात, त्यांना गोडीत टाळा.

आत काय बघावं? पुढच्या खेपेला मी आत गेले तेव्हा हॉलमध्ये रंगीत तक्ते आणि मॉडेलं होती. पोरांनी ती पाच मिनिटांत उरकली. अडकली ती एका काचेच्या खिडकीशी. आत लोखंडी कपाटाएवढी एक पेटी, पेटीत सैन्याचा रेडिओ संच, आणि पंख्यानं उडवलेली पिवळसर धूळ. धूळ-चाचणी. लष्करी वस्तूंच्या चाचण्यांचं एक मानक आहे, ‘जेएसएस ५५५५५’. नंबर पोरांना तिथल्या तिथं पाठ झाला. उष्णता, थंडी, पाऊस, हादरे, बुरशी, धूळ, या सगळ्यांतून वस्तू जाते. आमच्या बरोबर जतचा एक मुलगा होता. त्यानं विचारलं, “ही धूळ कुठनं आणता?” तंत्रज्ञ हसला नाही. त्यानं डबा उघडून दाखवला. धूळ वाळवलेली, चाळलेली, कण किती बारीक ते ठरलेलं, पेटीतली हवा किती कोरडी तेही ठरलेलं. पोरगं म्हणालं, “आमच्याकडं मार्चात फुकट असती.” मग तो माणूस खळखळून हसला. चाचणी संपलेला दुसरा एक संच त्यानं टेबलावर घेतला, मागचं झाकण काढलं, रबराच्या कडेच्या आतून पांढरं फडकं फिरवलं आणि ते फडकं प्रत्येकाच्या नाकासमोर धरलं. पांढरंच होतं. “एक कण दिसला असता तर परत पहिल्यापासून,” म्हणाला. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत पोरं त्या फडक्यावर बोलत होती, तोफेवर नाही.

म्हणून पत्रात ‘शस्त्रास्त्रं पाहण्यासाठी’ असं लिहू नका. ‘चाचण्या कशा घेतात ते पाहण्यासाठी’ असं लिहा. नववीच्या पोरांना समजेल आणि प्रयोगशाळेला दाखवता येईल, असं तिथं हेच आहे.

परवानगी नाहीच मिळाली तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे, तिथं जथ्यानं जाता येतं. डिसेंबरात कराडला विजय दिवस असतो, सैन्याची प्रात्यक्षिकं दाखवणारा सोहळा, तो तर पुण्यापेक्षा जवळ. आणि विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला मिळते, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. लष्कराची नव्हे ती, पण पोरं मान वर करून बघत राहतात.

प्रश्न : मोबाईल, स्मार्ट वॉच सगळं गेटवर काढून घेतात म्हणे. यूट्यूबवर तर सगळंच दिसतंय, मग लपवायचं काय?
— दहावीतला विद्यार्थी, विटा

उत्तर : यूट्यूबवर दिसतं ते त्यांनी दाखवायचं ठरवलेलं. तुझ्या फोटोत मागच्या भिंतीवरचा तक्ता येईल, दाराचा नंबर येईल, कुणाच्या छातीवरचा बिल्ला येईल. तुला त्यातलं काही कळणार नाही, पण कळणारा कुणी असतोच. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा आहे, इंग्रजांनी केलेला, अजून चालू. गेटवर टोकन देतात, येताना मोबाईल परत मिळतो. तीन तास जगशील. पेन ड्राइव्हही घरी ठेव, दप्तराच्या खालच्या कप्प्यात हमखास एक सापडतो.

प्रश्न : मुलगी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला संरक्षण प्रयोगशाळेत इंटर्नशिप करायचीय. तिची आजी म्हणते, ‘बंदुकी-तोफांचं काम पोरीचं नव्हे.’ मला वेगळीच चिंता आहे, वशिला लागतो का?
— एक वडील, मिरज

उत्तर : आजींना टेसी थॉमस यांच्याबद्दल सांगा. अग्नी-४ क्षेपणास्त्राच्या प्रकल्प संचालक होत्या, केरळच्या. नातीच्या मोबाईलवर त्यांचा साडीतला फोटो दाखवा. साडीवर आजी विरघळतात, असा माझा अनुभव आहे.

वशिल्याच्या भानगडीत पडू नका. अर्ज कॉलेजमार्फत जातो, विभागप्रमुखांचं पत्र लागतं, आणि त्या प्रयोगशाळेत त्या विषयाचं काम आणि जागा असेल तर बोलावतात. मुलीला म्हणावं, एकाच ठिकाणी अर्ज टाकून वाट बघत बसू नकोस. आणि इंटर्नशिप म्हणजे नोकरीचं तिकीट नव्हे, हेही घरात स्पष्ट असू द्या, नाहीतर पेढे आधीच वाटले जातात. शास्त्रज्ञाच्या पहिल्या पदासाठी, म्हणजे ‘शास्त्रज्ञ बी’साठी, ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेचे गुण बघतात, मग मुलाखत. पुतण्या-भाचा कुणी आयटीआय झालेला असेल तर त्यालाही वाट आहे, तंत्रज्ञांची भरती वेगळी होते. धूळ-चाचणीवाला तो माणूस आयटीआयचाच होता.

प्रश्न : सहलीनंतर पोरांकडून वृत्तांत लिहून घेते. पन्नासच्या पन्नास वह्यांत एकच वाक्य, ‘ही सहल अविस्मरणीय ठरली.’ काय करू?
— शिक्षिका, पलूस

उत्तर : वृत्तांत बंद करा. प्रत्येकानं एक प्रश्न लिहायचा, ज्याचं उत्तर तिथं मिळालं नाही असा.

२०२० च्या फेब्रुवारीत, करोनाच्या अगदी तोंडावर, पुण्यात एका प्रदर्शनाला गेलो होतो. तिथं दिघीच्या ‘सर्वत्र’ पुलाचं मॉडेल होतं. ट्रकवर घडी करून नेतात, एकेक तुकडा १५ मीटरचा, पाच जोडले की ७५ मीटर. सांगलवाडीची एक मुलगी होती. आदल्या ऑगस्टच्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तिचं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं होतं. तिनं तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं, “मग आमच्याकडं हा पूल का नाही आणला?” तो म्हणाला, हा नाल्यावर, कालव्यावर टाकायचा पूल. मधले पाय टेकायला तळ लागतो, दोन्ही काठ भक्कम लागतात, आणि पुरात तुमच्या नदीला काठच राहत नाही. तिनं मान डोलावली. पण वहीत प्रश्न लिहिला : ‘पूल ७५ मीटर. आपली नदी किती?’

पुढच्या रविवारी ती आयर्विन पुलावर गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजून आली. वहीत आकडा लिहिला. मला तो जास्त वाटला, म्हणून संध्याकाळी मीही जाऊन मोजली. माझी ६० पावलं कमी भरली. तिला सांगितलं तर म्हणाली, “बाई, तुम्ही मध्ये कुणाशी तरी बोलत होता.”

बोलत होते खरी.