मॅनेजर की लेबलचा मालक? रसेल सिमन्सचा हिशेब

प्रश्न दोन आहेत. ऐंशीच्या दशकात रॅपचा मॅनेजर नेमका कशातून कमवायचा? आणि रसेल सिमन्सला मॅनेजर म्हणायचं की डेफ जॅम या लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा, मालक?

तो दोन्ही होता, आणि खरी भानगड तिथेच आहे. (२०१७पासून त्याच्यावर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले आहेत, तो ते नाकारतो. इथे फक्त १९७९ ते १९८८ या काळातल्या धंद्याबद्दल लिहितोय.)

सुरुवात पार्ट्या भरवण्यापासून झाली. क्वीन्समधल्या हॉलिसचा हा मुलगा सिटी कॉलेजात शिकताना हॉल भाड्याने घ्यायचा, हँडबिलं वाटायचा आणि दारावर तिकिटं विकायचा. पहिला मोठा कलाकार कर्टिस ब्लो. १९७९मध्ये त्याची ख्रिसमसची रेकॉर्ड मर्क्युरी या कंपनीने काढली आणि मोठ्या कंपनीने करारबद्ध केलेला तो पहिला रॅपर ठरला. पुढच्याच वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कमोडोर्स आणि बॉब मार्लीच्या कार्यक्रमात तो सुरुवातीला गायला.

पैसा मात्र रेकॉर्डमध्ये नव्हता, शोमध्ये होता. समजा, एका रात्रीची बिदागी ५,००० डॉलर. त्यातले १० टक्के बुकिंग एजंटचे आणि १५ ते २० टक्के मॅनेजरचे, तेही एकूण रकमेवर, खर्च वजा जाण्याआधी. म्हणजे साधारण ३,५०० उरले. त्यातून व्हॅन, हॉटेल, रोड मॅनेजर, आणि मग गटातल्या सगळ्यांचे वाटे. तरी हे परवडायचं, कारण बँड न्यावा लागत नसे. दोन टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायची यंत्रं), मिक्सर, माइक आणि रेकॉर्डची पेटी एवढ्यावर भागायचं. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये एका रात्रीत दोन-तीन क्लब उरकता येत.

चुकायचं ते इथेच. बासने स्टेज हादरलं की सुई उडायची. म्हणून टर्नटेबलखाली जड टेबल आणि जाड फोम लागतो, स्पीकर लांब हवेत, सुया जादा हव्यात आणि प्रत्येक रेकॉर्डच्या दोन प्रती हव्यात. हे करारासोबतच्या यादीत लिहिलं नसेल, तर हॉलवाला पत्र्याचं घडीचं टेबल आणून ठेवतो. पैशाचा नियमही तितकाच कडक: निम्मे करार करताना, उरलेले स्टेजवर चढण्याआधी रोख. शो संपल्यावर आयोजक सापडेलच याची खात्री कोणी द्यायची?

रेकॉर्डचा हिशेब सोपा करून मांडतो. अल्बमची छापील किंमत ८.९८ डॉलर. पॅकिंगचे म्हणून २० टक्के कापले की ७.१८ राहतात. कलाकाराच्या वाट्याला समजा ७ टक्के आले, तर प्रतीमागे जेमतेम ५० सेंट. स्टुडिओखर्चासह उचल, म्हणजे कंपनीने आगाऊ दिलेली आणि रॉयल्टीतून वळती होणारी रक्कम, २५,००० डॉलर असेल, तर ५०,००० प्रती खपेपर्यंत हातात छदामही नाही. गीतलेखनाचे पैसे वेगळे. १९८६मध्ये कायद्याने ठरलेला दर प्रत्येक प्रतीवर गाण्यामागे ५ सेंट होता, पण बहुतेक करारांत त्याचे तीन-चतुर्थांश आणि दहा गाण्यांची मर्यादा असायची. एरोस्मिथ या रॉक बँडच्या 'वॉक धिस वे'वर सिमन्सच्या रन-डीएमसी या रॅप गटाने जे गाणं केलं ते बिलबोर्डच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, पण लेखनाचे पैसे मूळ गीतकार टायलर आणि पेरी यांचेच. सर्वांत गाजलेलं गाणं आणि त्याचं लेखन दुसऱ्याच्या नावावर!

म्हणूनच मॅनेजरचं खरं कसब लेबलच्या कराराबाहेरचा पैसा आणण्यात होतं. जुलै १९८६मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या रन-डीएमसीच्या शोला सिमन्सचा सहकारी लिओर कोहेन याने आदिदासच्या माणसांना बोलावलं. गटातल्या रनने प्रेक्षकांना आदिदासचे बूट वर धरायला सांगितलं आणि हजारो बूट हवेत गेले. त्यातून दहा लाख डॉलरच्या घरातला करार झाला. असा पैसा कंपनीच्या उचलीत वळता होत नाही. उलट बाजूही त्याच उन्हाळ्यातली: ऑगस्टमध्ये लाँग बीचच्या शोला टोळ्यांची मारामारी झाली आणि त्यानंतर रॅपला हॉल मिळवणं, विमा उतरवणं जड गेलं. गुन्हा टोळ्यांचा, बदनामी कलाकारांची.

आता दोन खुर्च्यांबद्दल. रन-डीएमसी प्रोफाइल कंपनीकडे होते, त्यामुळे तिथे सिमन्स निव्वळ मॅनेजर. रन त्याचा सख्खा भाऊ, आणि भांडायला समोर दुसऱ्याची कंपनी. डेफ जॅम रिक रुबिनने न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहातून सुरू केली. १९८४मध्ये सिमन्स भागीदार झाला, १९८५मध्ये सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. एलएल कूल जे, बीस्टी बॉइज, पब्लिक एनिमी यांची कंपनी डेफ जॅम आणि मॅनेजमेंट सिमन्सच्याच रश या कंपनीचं. लेबलच्या हिशेबाच्या वह्या मागवून तपासणं हे मॅनेजरचं पहिलं काम. लेबलही त्याचंच असेल तर वह्या कोण मागवणार? बीस्टी बॉइजचा १९८६चा अल्बम बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला रॅप अल्बम. तरीही रॉयल्टीच्या वादातून ते बाहेर पडले, आणि १९८९चा अल्बम कॅपिटॉल या दुसऱ्या कंपनीकडून आला.

सिमन्स लबाड होता म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. रॅपला दारात उभं न करणाऱ्या कंपन्यांच्या काळात स्वतःचं लेबल काढणं हाच शहाणपणा होता. पण करारात तीन कलमं हवी होती: कलाकाराचा वकील स्वतंत्र, स्वतःच्या लेबलकडून येणाऱ्या रॉयल्टीवर मॅनेजरला कमिशन नाही, आणि हिशेब तपासण्याचा हक्क तिऱ्हाइताकडे. कॅलिफोर्नियात रूथलेस रेकॉर्ड्स आणि जेरी हेलर यांच्या बाबतीत हाच गुंता झाला. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा मॅनेजर हेलर, आणि गटातल्याच ईझी-ईच्या या रूथलेस लेबलचा कारभारही तोच पाहायचा. गटातला आइस क्यूब १९८९च्या अखेरीस पैशांवरूनच वेगळा झाला.