तिसऱ्यांदा ‘नीट’ला बसवण्याआधी

नागपूरच्या नंदनवनमधून एका वडिलांनी लिहिलंय : मुलगी दोनदा ‘नीट’ देऊन घरी आहे. मावसबहिणीचा एम.फार्म.चा (औषधनिर्माणशास्त्राचा) अडुळशावरचा प्रकल्प पाहिल्यापासून तिला तेच शिकायचंय. ‘पोट्टी ऐकतच नाही. तिसऱ्यांदा नीटला बसवतो आहे. झाडपाल्याचाच नाद असेल तर बीएएमएस करावं. नाहीतरी औषध आता कॉम्प्युटरवरच सापडते म्हणे, त्यासाठी आठ-दहा वर्षं कशाला घालवायची?’

भाऊ, तुमच्या दोन पानांत मुलीचं म्हणणं एका ओळीत आहे, तेही तक्रार म्हणून. ‘बसवतो आहे’ हा शब्द मला खटकला. एकोणीस वर्षांच्या मुलीला परीक्षेला बसवता येतं, तिच्याकडून अभ्यास करवून घेता येत नाही. ती हल्ली जेवताना मान वर करत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही, असं तुम्ही अगदी शेवटी, मार्कांच्या खाली लिहिलंय. मला मार्कांपेक्षा त्याचीच काळजी वाटते. आज तिच्याजवळ बसा, आणि नीटचं नाव काढू नका.

बीएएमएसलाही नीटच लागते, आणि ते वैद्य होण्याचं शिक्षण आहे. तिला हवी ती वाट एमएचटी-सीईटी, बी.फार्म. आणि पुढे एम.फार्म.च्या प्रवेशासाठी जीपॅट अशी जाते.

कॉम्प्युटरबद्दलचा गैरसमज मात्र काढलाच पाहिजे. अडुळशातलं व्हॅसिसीन नावाचं रसायन शरीरातल्या एखाद्या प्रथिनाच्या खोबणीत कसं बसेल, याचा अंदाज ‘डॉकिंग’ ही कॉम्प्युटरवरची पद्धत देते. उत्तर आकड्यात येतं, समजा उणे आठ किलोकॅलरी प्रति मोल. आकडा जितका उणे, तितकी पकड घट्ट असण्याची शक्यता, बस. तो रेणू आतड्यातून रक्तात उतरेल का, यकृतात टिकेल का, विषारी ठरेल का, हे त्या आकड्यात नसतं. म्हणून पानं वाळवायची, अर्क काढायचा, एचपीएलसी या यंत्रावर अर्कातले घटक वेगळे करून मोजायचे, मग पेशींवर तपासायचं. हळदीतलं कर्क्युमिन बशीतल्या पेशींवर कितीतरी गुण दाखवतं, पण तोंडावाटे घेतलं की रक्तात फारच थोडं पोचतं. उलट व्हॅसिसीनच्या रचनेवरून १९६०च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध आलं, आणि त्याच घराण्यातलं अँब्रोक्सॉल आज तुमच्या घरातल्या खोकल्याच्या बाटलीत असेल. तेव्हा डॉकिंग नव्हतंच. ते काम प्रयोगशाळेतल्या हातांनी केलं.

सुरुवातीची काही वर्षं पगार बेताचा असतो, हेही सांगते. तेव्हा मावसबहिणीच्या प्रयोगशाळेत एक दिवस दोघंही जा. तोच अर्क पाचव्यांदा काढताना तिला कंटाळा येतो की नाही, ते तिचं तिला कळू द्या. मग तिलाच मला लिहायला सांगा. तुम्ही ते पत्र आधी वाचू नका.